वसतिगृहातील खाट

विद्यार्थ्याने केव्हा उठावे, काय खावे, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावे, यांविषयी वसतिगृहांच्या नियमावल्यांत कलमांमागून कलमे आढळतात. परंतु दिवसाच्या चोवीस तासांपैकी सात-आठ तास तो ज्या वस्तूवर देह टाकून असतो, आणि खोलीत दुसरे आसन नसल्यामुळे वाचन, लेखन व मित्रांचे आतिथ्य हेही ज्या वस्तूवर करतो, त्या खाटेचा उल्लेख मात्र जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत, अनुक्रमांक आणि किंमत या दोन रकान्यांपुरताच झालेला असतो. चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, ते आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. पैकी पहिल्याची आणि तिसऱ्याची चिंता आमच्या शिक्षणसंस्थांनी आपल्या परीने वाहिली. मधला उपस्तंभ त्यांनी विद्यार्थ्याच्या स्वाधीन केला, असे पुण्यातील माझ्या विद्यार्थिदशेपासून मला वाटत आले आहे.

१९५५ च्या जून महिन्यात, मॅट्रिक होऊन, खानदेशातून मी पुण्यास आलो. एका जुन्या दगडी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर मला जागा मिळाली. खोलीचा दुसरा भागीदार रत्नागिरीकडील होता. संस्थेकडून प्रत्येकास एक लोखंडी खाट आणि एक गादी असे दोन जिन्नस पोच लिहून घेऊन ताब्यात देण्यात आले. चौकट मजबूत होती. पण तिच्यावर आडव्या-उभ्या विणलेल्या लोखंडी पट्ट्या अनेक पिढ्यांच्या भाराने मध्यभागी इतक्या खचल्या होत्या की निजणाऱ्याची कंबर डोक्याच्या आणि पायांच्या पातळीखाली वीतभर जात असे, आणि कूस बदलताना सैल झालेले रिव्हेट करकरून शेजाऱ्यास जागे करीत. गादी म्हणजे दोन पदरी कापडाच्या आत कापसाचे कठीण गोळे, आणि गोळ्यांच्या मधल्या जागेत नुसते कापड. पहिला पंधरवडा सरता सरता माझ्या पाठीत अशी कळ बसली की सकाळच्या तासाला बाकावर ताठ बसणे दुष्कर झाले.

घरी पत्राने कळविले तेव्हा वडिलांचे उत्तर आले की, ब्रह्मचाऱ्यास शास्त्राने अधःशय्या सांगितली आहे, आणि विद्यार्थ्याच्या पंचलक्षणांत श्वाननिद्राही आहे. वडिलांच्या वचनाचा अनादर करण्याचे आमच्या घरी कोणाच्या मनातही येत नसे. तथापि त्या वचनाचा विचार करता करताच मला मार्ग दिसला. भूमीवरची शय्या कठीण असते, पण ती समतल असते. तिच्यावर निजणाऱ्याचा कणा सरळ राहतो, आणि म्हणूनच शेतात दिवसभर राबलेला माणूस ओसरीवर एक घोंगडी पसरून गाढ झोपतो. आमची खाट व्रतस्थाची नव्हती आणि सुखवस्तूचीही नव्हती. तिच्यात कठीणपणाचा गुण नव्हता आणि मऊपणाचाही नव्हता. तेव्हा आधी भूमी खाटेवर आणावी आणि मग तिच्यावर मार्दव पसरावे, असा क्रम मी मनाशी ठरविला. वडिलांना तसे लिहिताच त्यांनी परवानगी तर दिलीच, शिवाय पुढे जे पाठविले त्याचा उल्लेख येईलच.

भवानी पेठेतील लाकडाच्या वखारीतून खोक्यांच्या जुन्या देवदारी फळ्या आम्ही स्वस्तात आणल्या. सागवान आम्हांला परवडणारे नव्हते, आणि या कामाला त्याची आवश्यकताही नाही. संस्थेच्या सामानात फेरफार करावयाचा म्हणून रीतसर अर्ज करणे प्राप्त होते. तो रुजू केल्यावर रेक्टरसाहेब स्वतः खोलीत आले, गादी उचलून त्यांनी पट्ट्यांचा झोळ हाताने दाबून पाहिला, आणि तेथेच उभ्या उभ्या अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारला. फळ्या चौकटीच्या दोन टोकांवर टेकतील अशा लांबीत बसविल्या, म्हणजे भार खचलेल्या पट्ट्यांवर न येता चौकटीवर येतो. दोन फळ्यांत बोटभर फट राखली, कारण निजलेल्या देहाचा घाम गादीतून खाली उतरतो, आणि त्याला वारा मिळाला नाही तर पुण्याच्या श्रावणात गादीच्या पाठीवर बुरशी धरते. खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा दिल्याने खाली ट्रंकेला जागा झाली आणि फरशीची ओल दूर राहिली.

खरे काम गादीचे. पाऊस उघडल्यावर आमच्या रस्त्याने एक वृद्ध पिंजारी धनुकली खांद्यावर टाकून जात असे. तिच्या तातीचा टणत्कार हीच त्याची ललकारी. त्याला आम्ही चाचा म्हणत असू. त्याने गादीची एक कड उसवली, आतला काळवंडलेला गोळा बाहेर काढून बोटांत कुस्करला आणि म्हणाला, "कापूस मेला नाही रे बाळा, दबलाय. दोन दिस ऊन दाखव, मग मी उठवतो त्याला."

या बोलण्यातील शास्त्र मला नंतर उमजले. कापसाचा तंतू म्हणजे आतून पोकळ, वाळल्यावर चपटा होऊन पीळ खाल्लेली सूक्ष्म नळी. या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. गादीचा मऊपणा आणि तिची ऊब या दोन्ही गोष्टी त्या कोंडलेल्या हवेच्या. घामाची आर्द्रता कापूस शोषून घेतो, वरून भार पडतो, तंतू एकमेकांत रुतून बसतात, आणि हवा गेली की उरतो तो गोळा. ऊन आर्द्रता काढते. तातीचे कंपन एकेक तंतू सोडवते आणि धूळ व सरकीची कवचे खाली पाडते. वसतिगृहाच्या आवारात सतरंजीवर बसून चाचा लाकडी ठोक्याने तात छेडीत असता त्या मळकट ढिगातून पांढरा, हलका, गुडघ्याइतका उंच डोंगर उभा राहताना मी पाहिला, आणि हस्तकौशल्याविषयी तेव्हा वाटलेला आदर अद्याप कमी झालेला नाही.

एवढे करूनही जुना कापूस पुरा पडेना. वडिलांनी आमच्या शेतातील, गावच्या जिनातून सरकी काढून आलेली रुई रेल्वेने पाठविली, ती या वेळी. चाचाने ती जुन्या कापसात मिसळून पुन्हा पिंजली. निव्वळ नवी रुई वापरू दिली नाही, कारण त्याच्या मते ती आरंभी फार फुगते आणि मग एकदम बसते. मांजरपाटाच्या धुतलेल्या खोळीत कापूस भरून, गुंडाळून, काठीने सर्व बाजूंनी झोडपून त्याने तो सारखा पसरविला आणि मग चार-चार बोटांवर जाड दोऱ्याचे टाके घातले. या टाक्यांत काटकसर करू नये. कापूस जागा सोडून कडेला सरकतो तो टाके विरळ असले म्हणजेच.

उशी सावरीच्या कापसाची केली. त्या तंतूवर मेणासारखा लेप असल्यामुळे तो पाणी धरीत नाही, आणि केसांच्या तेलाघामाने चटकन गोळा होत नाही. कुशीवर निजले असता खांदा आणि मान यांच्यामधले अंतर भरून निघेल, इतकीच तिची उंची असावी.

ढेकणांविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण उत्तम शय्याही त्यांच्या वस्तीने व्यर्थ होते. संस्थेने डी.डी.टी. फवारले होते. पॉल म्युलर यांनी १९३९ साली त्या द्रव्याचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण ढेकूण त्याला लवकरच निर्ढावले, असा अनुभव जगात अनेक ठिकाणी आला आणि आमच्या मजल्यावरही आला. ढेकूण कापसात खोल जात नाही. तो गादीच्या शिवणीत, रिव्हेटच्या खाली, फळीच्या चिरेत आणि भिंतीच्या भेगेत दिवस काढतो आणि तेथेच अंडी चिकटवून ठेवतो. भोजनगृहातील आचारीबुवांकडून आधण आलेले पाणी मिळवून आम्ही ते खाटेच्या सांध्यांत ओतले, भिंतीच्या भेगा चुन्याने लिंपल्या, आणि आठवड्याने हाच विधी पुन्हा केला; अंड्यांतून बाहेर येणारी नवी प्रजा तोवर प्रकट होते. मजल्यावरील सर्व खोल्यांनी हे एकाच दिवशी केले. एका खोलीने एकटीने केलेले निर्मूलन टिकत नाही, शेजारची प्रजा भिंतीवरून चालत येते.

मच्छरदाणीसाठी बुरुड आळीतून चार काठ्या आणल्या, एवढे सांगून पुढे जातो.

पौषातील थंडीने आणखी एक गोष्ट शिकविली. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आणि वर सोलापुरी चादर असतानाही पहाटे पाठ गारठत असे. वरून आणखी एक घोंगडी पांघरूनही उपयोग होईना. थंडी खालून येत होती. देहाच्या भाराखाली कापूस दबतो, हवा जाते, आणि फळ्यांच्या फटींतला वारा थेट पाठीस लागतो. लोकर भाराला कापसाइतकी दाद देत नाही. म्हणून घोंगडी अंगावरून काढून गादीखाली घातली आणि तिच्याखाली 'सकाळ'चे जुने अंक पसरले. त्या रात्रीपासून पहाटेची अस्वस्थता संपली.

आज निरनिराळ्या वसतिगृहांच्या व्यवस्थापनाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मे महिन्याच्या सुटीत खोल्या रिकाम्या असतात आणि ऊन मुबलक असते. त्या काळात सर्व खाटा अंगणात काढाव्यात, सांध्यांत उकळते पाणी ओतावे, खचलेल्या पट्ट्यांवर फळ्या द्याव्यात, गाद्या उसवून पिंजून घ्याव्यात, आणि जूनमध्ये येणाऱ्या मुलाच्या ताब्यात नीट निजता येईल अशी खाट द्यावी. फळ्यांचा आणि पिंजणावळीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा. तो मंजूर करण्यास कोणत्याही समंजस नियामक मंडळाची हरकत असण्याचे कारण नाही.