हेडफोन आणि कुकरच्या शिट्ट्या

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल पाठवून "बाई, आहात ना?" अशी चौकशीही केली. आहे, आहे! उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर, मग बोटं उघडायची-मिटायची असले व्यायाम. आता हळूहळू टाइप करता येतंय, म्हणून हा पहिला लेख. आणि तो चक्क हेडफोनवर! कॉम्प्युटरवर गेम खेळायच्या हेडफोनवर. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी एक कबुली. मी मोरीत पाय घसरून पडले तेव्हा "नातू लगेच धावत आला" असं सगळ्यांना सांगितलं होतं, लेकीलासुद्धा. ते खरं नव्हतं. मी हाका मारत होते आणि तो दोन खोल्यांपलीकडे, कानांवर मोठा काळा हेडफोन चढवून मित्रांबरोबर खेळत होता. तो पाणी प्यायला उठेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. ज्या आवाजाने एकेकाळी साठ मुलांचा वर्ग चिडीचूप व्हायचा, तो त्या दोन गाद्यांपुढे हरला. (हे त्याला विचारूनच लिहिते आहे. "लिही आजी, आईला कधीतरी कळायलाच हवं," म्हणाला.)

त्यानंतर त्याने तो हेडफोन खोक्यात भरून माळ्यावर टाकला आणि खेळणंच बंद केलं. तुम्हाला वाटेल, बरं झालं. मलाही आधी दोन दिवस तसंच वाटलं. पण त्याचे शाळेतले चार मित्र आता चार दिशांना आहेत, एक बंगलोरला, एक पार जर्मनीत. शनिवारी रात्रीचा तो खेळ म्हणजे त्यांचा कट्टा. तिथे बंदुका चालतात हे मला आवडत नाही, पण मध्येच परीक्षेचं, घरचं, नोकरीचंही बोलणं चालतं. तो मुलगा आठवडाभर माझी वेणी घालण्यापासून भाजी चिरण्यापर्यंत सगळं करून रात्री गप्प बसून राहायचा. शिक्षा मीही पुष्कळ मुलांना केल्या आहेत. पण स्वतःच स्वतःला केलेली शिक्षा कधी संपवायची हे मुलांना कळत नाही.

शेवटी मीच म्हटलं, "अरे, बाहेरचं ऐकू येईल असा हेडफोन नसतोच का?"

तर असतो म्हणे! त्याला 'ओपन-बॅक' म्हणतात. कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद नसते, जाळीची असते. मला हे चटकन समजलं, कारण आमच्या घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याच्या पाठीला भोकाभोकांचा पुठ्ठा असायचा, आणि तो अगदी भिंतीला चिकटवून ठेवला की आवाज घुमायचा. इथेही तसंच. वाटी बंद असली की मागे गेलेला आवाज आतल्या आत घुमतो, उघडी असली की निघून जातो. त्यामुळे गाणं डोक्याच्या आत न वाजता समोर, आजूबाजूला वाजल्यासारखं वाटतं. कानांना घामही कमी येतो. ही कल्पना नवीनही नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली 'एचडी ४१४' नावाचा असा पहिला हेडफोन काढला, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा. तेव्हा मी अकरावी मॅट्रिकला होते आणि हेडफोन हा शब्दही ऐकला नव्हता.

खेळणाऱ्यांना तो का आवडतो, हेही नातवाने समजावलं. या खेळांत शत्रू दिसण्याआधी त्याची पावलं ऐकू येतात. डावीकडून की मागून, जवळ की लांब, हे ज्याला आधी कळलं तो वाचला. मी म्हटलं, यात काय विशेष! फळ्यावर लिहिताना तिसऱ्या बाकावर कोण कुजबुजतंय हे मला न वळता कळायचं. मुलं म्हणायची, बाईंच्या पाठीला कान आहेत. पाठीला कसले कान? आवाज एका कानाशी जरासा आधी आणि जरासा मोठा पोचतो, कानाच्या पाळीच्या वळणांमुळे तो थोडा बदलतो, आणि मेंदू त्यावरून दिशा काढतो. आता खेळांच्या सेटिंगमध्येच हे गणित करायची सोय असते, तिला 'एचआरटीएफ' म्हणतात. म्हणून खोक्यावर '७.१ सराउंड' असं मोठ्या अक्षरांत छापलंय, त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. शेवटी कान दोनच! उलट दोन्ही सोयी एकदम चालू केल्या की दिशांचा पार गोंधळ होतो.

बजेट ठरलं दहा हजार. पाच त्याच्या इंटर्नशिपचे, पाच माझ्या पेन्शनीचे. हात गळ्यात बांधलेला, तरी त्याच्याबरोबर बुधवार पेठेत तपकीर गल्लीला गेले. चार दुकानं हिंडलो. सगळीकडे लाल-निळे दिवे लागणारे बंद हेडसेट पुढे आले. जाळीवाला मागितला तर एकाने "आवाज बाहेर येतो तो? तो कशाला घेताय, मावशी?" असं विचारलं. त्याला काय सांगणार!

मग घरी बसून वहीत तक्ता केला, निकालपत्रकासारखा. बायरडायनॅमिकचा 'डीटी ९९० प्रो' नाववाला, पण त्याचा २५० ओहमचा प्रकार आमच्या साध्या कॉम्प्युटरच्या जोरावर नीट वाजणार नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल. शिवाय त्याचा वरचा स्वर टोचतो असं बरेच जण म्हणतात. सेनहायझरचा 'एचडी ५६० एस' नातवाच्या मनात भरला होता. पण तो १२० ओहमचा, आणि आमच्या बजेटच्या बाहेर. हायफायमॅनचा 'एचई ४०० एसई' फक्त २५ ओहमचा, म्हणून मी टिक केली, तर नातू म्हणाला, "आजी, नुसता ओहम बघू नको, सेन्सिटिव्हिटी बघ." ती ९१ डेसिबल, म्हणजे कमी. त्यालाही जोर लागतो, आणि वजनही चारशे ग्रॅमच्या आसपास. तीन तास डोक्यावर कोण वागवणार? नापास.

शेवटी पास झाला फिलिप्सचा 'एसएचपी ९५००'. ३२ ओहम, थेट कॉम्प्युटरला लावला की पुरे. वायर निघते, त्यामुळे तुटली तर वायरच बदलायची. दोष आहेत. गाद्या सहज बदलता येत नाहीत, आणि धमाक्यांचा खालचा दणदणाट बंद हेडफोनइतका नाही. (तो मला गुणच वाटला.) माइक नाही, म्हणून उरलेल्या पैशांत एक साधा कॉलर माइक घेतला.

ज्यांच्या घरात असा हेडफोन आणायचा विचार असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी, अनुभवाच्या. एक, आवाज दोन्हीकडे जातो. शेजारी बसलं तर खेळातला गोळीबार पत्र्यावर चिमण्या दाणे टिपतात तसा ऐकू येतो. खोली दोघांत असेल, एकाचा अभ्यास किंवा झोप असेल, तर हा घेऊ नका. दोन, पंखा, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न हेही आत येतात, आणि मग मुलं आवाज वाढवत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला फार तर ४० तास ऐकावा. आवाज त्याहून वाढला की तास झपाट्याने कमी होतात. आम्ही कॉम्प्युटरवर एक खूण ठरवली आहे, तिच्यावर जायचं नाही.

आणि तिसरी गोष्ट मला स्वतःला पटवायला वेळ लागला. हेडफोन काही माझी राखण करणार नाही. खेळ रंगात आला की उघड्या कानांनीही माणूस बहिरा होतो. माझे 'हे' क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना कुठे ऐकायचे माझं? म्हणून मोरीत रबराची चटई आली, भिंतीला धरायला दांडा आला आणि हात पोचेल अशा उंचीवर, अगदी खाली, बिनतारी बेलचं बटण आलं. बेल वाजते त्याच्या टेबलावर. खरं तर हे सगळं हेडफोनच्या आधी यायला हवं होतं.

गेल्या शनिवारी तो पुन्हा खेळायला बसला. मी मुगाच्या डाळीचा कुकर लावून बाहेरच्या खोलीत या लेखाची जुळवाजुळव करत होते, एका बोटाने. इतकी रमले की शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आजी, तीन झाल्या, गॅस बंद केलाय." आणि लगेच मित्रांना, "थांबा रे, आलो, कुकर होता."

असो. लेकीला एवढंच सांगणं आहे, हे वाचून फोन करशीलच. मला कर, त्याला नको. त्याचं रागावून घेणं झालेलं आहे.