हाताला काम

जखमी आणि अनाथ प्राण्यांच्या आसऱ्याला भेट देणारे लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. याला खायला काय देता? आणि हा तुम्हाला ओळखतो का? भरलेलं ताट आणि माणसाचा लळा या दोन गोष्टींत दया पूर्ण होते, अशी आपली समजूत या प्रश्नांमागे असते. माकडवर्गातले प्राणी सांभाळण्याच्या कामात मात्र आधी तिसराच प्रश्न विचारावा लागतो: उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत हा प्राणी करतो काय? या प्रश्नाला धड उत्तर नसेल तर ताट कितीही भरलेलं असो आणि लळा कितीही खरा असो, सांभाळ फसला असं मी समजतो. सांभाळणाऱ्याचं कसब प्राण्याला सुख नेऊन देण्यात फारसं नाही. त्याच्या हातांना काम आणि त्याला त्याच्या जातीची सोबत मिळवून देण्यात ते आहे. हे एकदा जमलं की माणसानं हळूहळू बाजूला व्हायचं असतं.

या विषयावरचा सर्वांत मोठा अनुभव आफ्रिकेतल्या चिंपांझी-आश्रमांकडे आहे. झांबियातलं चिमफुन्शी १९८३ मध्ये सुरू झालं, सिएरा लिओनमधलं टाकुगामा १९९५ मध्ये, तर युगांडातलं न्गांबा बेट १९९८ मध्ये. तिथे येणारी पिल्लं बहुतेक अनाथ असतात. मांसासाठी आई मारली जाते आणि पिल्लू विकलं जातं. आपल्या वर्धा जिल्ह्यात चिंपांझी नाही, पण वानर आहे आणि लाल तोंडाचं माकडही आहे. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमासारख्या ठिकाणी जखमी आणि अनाथ वन्यप्राणी आणले जातात; शेजारच्या नागपुरात गोरेवाड्याचं बचाव केंद्र २०१५ पासून आहे. आपल्याकडे माकडांवर येणाऱ्या आपत्तीही ठरलेल्या आहेत. विजेच्या तारेला चिकटून हात जळतो, रस्त्यावर गाडीची धडक बसते, कुत्री फाडतात, किंवा आई मेली म्हणून कोणी पिल्लू घरी नेतं आणि वर्षभरानं ते चावू लागलं की आणून सोडतं. मदाऱ्याच्या दोरीला बांधलेली माकडं आता कमी दिसतात, कारण केंद्राच्या १९९८च्या अधिसूचनेनं माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये ती कायम केली. आलेल्यांपैकी जो जंगलात परत जाऊ शकतो तो लवकरात लवकर गेलाच पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न उरतो तो एक हात गमावलेल्यांचा आणि माणसांत वाढल्यामुळे आपली जातच न कळलेल्यांचा. त्यांची पुढची कित्येक वर्षं जाळीआड जाणार असतात, आणि खरा सांभाळ तिथून सुरू होतो.

जंगलातला चिंपांझी जागेपणाचा जवळजवळ अर्धा वेळ खाणं शोधण्यात आणि खाण्यात घालवतो. जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबे इथे एका नराला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढताना पाहिलं. हत्यार फक्त माणूस बनवतो हा समज त्या निरीक्षणानं मोडला, हे सर्वांना ठाऊक आहे. सांभाळणाऱ्यासाठी त्यातला दुसरा धडा अधिक मोलाचा आहे: मूठभर वाळवीसाठी तो प्राणी कितीतरी वेळ खर्च करायला तयार असतो. तेच खाणं वाटीत घालून पुढे ठेवलं तर दहा मिनिटांत संपतं आणि उरलेला दिवस अंगावर येतो. मग प्राणी झुलत राहतो, ठरावीक रेषेवर येरझाऱ्या घालतो, स्वतःचे केस उपटतो, हात चावून घेतो. या खोडी स्वभावातून येत नाहीत. काम हिरावलेल्या हातांनी शोधलेले ते उद्योग असतात. म्हणून चिंपांझी-आश्रमांत नकली वारुळं बांधतात, नळ्यांत खाऊ भरतात, वाळलेलं गवत देतात. चिंपांझी रोज रात्री झोपायला नवं घरटं रचतो. गवत दिलं तर बंदिस्त जागेतही रचतो. तयार गादी दिली तर त्याचं संध्याकाळचं एक काम आपण काढून घेतो.

मात्र चिंपांझीचे उपाय उचलून वानराला लावले तर घात होतो. काळ्या तोंडाचं वानर पाला खाणारं आहे. त्याच्या पोटाला कप्पे असतात आणि त्यांतले जिवाणू पाला आंबवून पचवतात. केळी, पोळी, बिस्किटं अशा गोड आणि पिठूळ गोष्टी त्या पोटात भराभर आंबतात, आम्ल वाढतं, पोट फुगतं. त्याचा दिवस आपल्याला आळशी वाटतो, कारण निवांत बसणं हा त्याच्या पचनाचाच भाग आहे. त्याला कोड्यांच्या पेट्या देण्यापेक्षा वड, पिंपळ, उंबर, चिंच, बाभूळ यांच्या ताज्या फांद्या उंचावर बांधाव्यात. त्यानं चढावं, वाकवावं, कोवळं निवडावं, उरलेलं टाकावं. लाल तोंडाच्या माकडाचं तंत्र वेगळं. त्याला गालात साठवणाच्या पिशव्या आहेत, बोटं चौकस आहेत. गव्हाच्या कुटारात भिजवलेले हरभरे विखरून टाकले की कळप तासन्‌तास वेचत बसतो. पऱ्हाटी आपल्याकडे फुकट मिळते, पण तिच्यावर फवारणीचं विष असतं, म्हणून ती आत न्यायची नाही. खाण्याच्या जागा कळपातल्या डोक्यांपेक्षा जास्त हव्यात, नाहीतर दांडगे खातात आणि दुबळे बघत राहतात. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की सारं वेळापत्रक पहाटेकडे आणि तिन्हीसांजेकडे सरकवायचं, मधल्या वेळी सावली, ओलं गोणपाट आणि पाणी. खाणं येण्याची वेळ साधारण ठरलेली असावी, जागा मात्र रोज बदलावी, म्हणजे शोधण्याला अर्थ राहतो.

वर्ध्याच्या मातीत हा विचार परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या योजनेचा गाभाच हा होता की बुद्धी हातांच्या कामातून घडते, आणि काम काढून घेतलेलं शिक्षण अपुरं राहतं. ती योजना मुलांसाठी होती. माकडाला सूत कातायला लावा असं कोणी म्हणणार नाही. पण ज्यांचे हात आपल्या हातांसारखे आहेत, त्यांचं डोकंही त्या हातांमधून चालतं, हे मान्य करायला फार मोठी उडी मारावी लागत नाही.

आता सोबतीकडे येतो. इथे सर्वांत जोरदार आक्षेप घेतला जातो: अनाथ पिल्लाला माया लागते, तुम्ही अलिप्त राहायला सांगता. हॅरी हार्लो यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमध्ये ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवर केलेले क्रूर प्रयोग या आक्षेपाच्या बाजूनं उभे राहतात. दूध देणारी तारेची आई सोडून पिल्लं मऊ कापडाच्या आईला बिलगली. ऱ्हीसस म्हणजे आपलं लाल तोंडाचं माकडच.  या प्रयोगांतून दिसतं की स्पर्शाची भूक दुधाच्या भुकेइतकीच खरी आहे, आणि छातीशी धरायला माणूस किंवा निदान जाड टॉवेल नसेल तर लहान पिल्लाचं जगणं कठीण होतं. एवढा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच मालिकेतली पुढची गोष्ट कमी सांगितली जाते: कापडी आईजवळ वाढलेली पिल्लं मोठेपणी धड जोडीदार झाली नाहीत, धड आया झाल्या नाहीत, बरोबरीच्या पिल्लांशी रोज खेळायला मिळालेली मात्र बऱ्याच अंशी सावरली. आईची उणीव काही प्रमाणात सवंगड्यांनी भरून काढली.

मायेची दुसरी बाजू ल्यूसीच्या चरित्रात दिसते. ओक्लाहोमातल्या एका दांपत्यानं ही चिंपांझी मादी मुलीसारखी वाढवली. ती खुणांची भाषा शिकली, पाहुण्यांना चहा करून देऊ लागली. वाढत्या वयात ती घरात सांभाळणं अशक्य झालं, तेव्हा १९७७ मध्ये तिला गांबियाला नेलं. तिच्याबरोबर गेलेल्या जॅनिस कार्टर यांनी तिला पाला खायला आणि आपल्या जातीत राहायला शिकवण्यात वर्षं घातली, कारण ल्यूसी माणसाला सोडायलाच तयार नव्हती. १९८७ मध्ये तिचे अवशेष सापडले. तिला मायेची वाण कधीच पडली नव्हती. त्या मायेनं तिला दुसऱ्या कुठल्या जगात राहण्याजोगं ठेवलं नाही. म्हणून पिल्लाला पहिले महिने भरपूर कुशी द्यावी, पण जाळीपलीकडे त्याच्या जातीचा कळप दिसत, ऐकू येत राहावा, आणि जमेल त्या पहिल्या दिवशी त्याच्या वयाची सोबत मिळावी. माणसाची माया ही पूल म्हणून वापरायची गोष्ट आहे. पुलावर कोणी घर बांधत नाही.

कळपात मिसळवण्याचं काम सर्वांत अवघड, आणि तिथे भावनेपेक्षा माहिती उपयोगी पडते. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडच्या जंगलात पाहिलं की बाहेरून आलेला वानर नर कळपाचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारतो. पिल्लं असलेल्या माद्यांत अनोळखी नर सोडणं हा त्यामुळे दयेचा देखावा होईल आणि परिणाम हत्येचा. आधी जाळीतून ओळख, मग एकेकाशी भेट, दोन दारांची वाट, पळून जायला आडोसा. जाळीतून एकमेकांच्या उवा वेचायला सुरुवात झाली की दार उघडण्याचा विचार करायचा. अंतर राखण्याला आणखी एक कारण आहे: आपली सर्दी आणि क्षय त्यांना होतात. आफ्रिकेत माणसांच्या श्वसनरोगांनी जंगली चिंपांझी दगावल्याची नोंद आहे. खोकणाऱ्या माणसानं त्या दिवशी आत जायचं नाही, मग प्राणी त्याला कितीही ओळखत असो.

भाविकांचा आक्षेप वेगळा असतो. हनुमानाच्या वंशाला शनिवारी केळी-फुटाणे घालणं हे पुण्य आहे, त्याला तुम्ही अपाय म्हणता? श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण देवळाजवळ हातातून खायला शिकलेलं वानर रस्त्यावर उतरतं, घरात शिरतं, पिशव्या हिसकावतं. मग दगड, कुत्री आणि चाकं यांच्या तडाख्यात सापडून आमच्याकडे येतं. ज्याला द्यायचंच आहे त्यानं वड, उंबर, चिंच लावावी आणि वाढवावी. त्यातून वानराला अन्नही मिळतं आणि कामही.

शेतकऱ्याचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आर्वी-कारंजाकडची संत्री, सगळीकडची तूर आणि हरभरा वानरांच्या टोळ्या उद्ध्वस्त करतात. राखण करून माणूस थकतो आणि तुम्ही तीच जात पोसता. यावर उत्तर देताना खोटं बोलू नये. आश्रमातल्या सांभाळानं पिकाचा प्रश्न सुटत नाही, आणि एकेका जिवाची शुश्रूषा म्हणजे वन्यजीव संवर्धनही नव्हे. शेतकऱ्याला भरपाई आणि कुंपणासाठी मदत मिळायला हवी; ती मागणी आमच्या कामाच्या विरोधात नाही. आमच्याकडून मात्र दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत: आत वाढलेला आणि माणसाला न भिणारा प्राणी शेताशेजारी सोडायचा नाही, आणि आतल्या कळपात प्रजनन होऊ द्यायचं नाही. चिंपांझी-आश्रमही गर्भनिरोधक वापरतात, कारण जन्मलेलं प्रत्येक पिल्लू पुढच्या अनाथाची जागा घेतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठोर आहे: जो कधीच मोकळा होणार नाही त्याला जगवायचं तरी कशाला? १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असह्य वेदनेत तळमळणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीनं इंजेक्शन देऊन मरण दिलं गेलं आणि देशभर गदारोळ झाला. त्यावर लिहिताना त्यांनी आश्रमातल्या माकडांच्या उपद्रवाचा प्रश्नही घेतला. वासराचं मरण वासराच्या हिताचं होतं. माकडांना मारणं आपल्या सोयीसाठी असेल, म्हणून ती हिंसाच, असा त्यांचा विवेक होता. सेवाग्रामच्या जिल्ह्यात काम करणाऱ्यानं हा भेद हाताशी ठेवावा. वेदना थांबवता येत नसेल आणि प्राणी काहीच करू इच्छित नसेल, तर पशुवैद्याबरोबर तो निर्णय घ्यावा लागतो. पण एका हाताचं माकड फांदीवर चढतं, हरभरे वेचतं, दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा काढतं, भांडतं, समेट करतं. त्याला अपंग म्हणून मारणं ही आपली सोय ठरेल. जगवायचं की नाही याचा निकष पुन्हा दिवसाच्या कामाकडेच येतो.

म्हणून अशा संस्थांची परीक्षा घ्यायची तर पिंजऱ्याचे चौरस मीटर आणि भिंतीवरची प्रशस्तिपत्रं यांवर थांबू नये. रोजची वही मागावी: कोण कोणाजवळ बसला, कोणी खाणं शोधायला किती वेळ लावला, कोणाची जुनी खोड कमी झाली, कोणाची वाढली. देणगीदारानंही फळांच्या पेट्यांपेक्षा ती वही भरणाऱ्या माणसाचा पगार द्यावा, कारण नुसतं बसून पाहणारा जाणकार माणूस हीच या कामातली सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. त्या वहीत सांभाळणाऱ्याचा उल्लेख महिन्यागणिक कमी होत गेला, तर आश्रम बरा चालला आहे असं खुशाल समजावं.