मोगऱ्याचा चहा आणि रात्रीची जाग

करजणच्या बाजारात भाजीच्या लारीवर फुदिना आणि ‘लीली चा’ शेजारी शेजारीच मिळतात. गुजरातीत लीली चा म्हणजे शब्दशः हिरवा चहा. आपल्या मराठी घरांत तोच गवती चहा. नाव चहाचे, पण जात गवताची. नुसता गवती चहा उकळून प्यायला तर त्यात कॅफिन मुळीच नसते. याच्या अगदी उलट गोष्ट डब्यातून मिळणाऱ्या जास्मिन टीची. नाव फुलाचे, पण आत खराखुरा चहा. या नावांच्या घोळाने आमच्या घरात गेल्या वर्षी बराच खल झाला. त्यातून जे हाती लागले ते इतर पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहोत.

दिवाळीत मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी जास्मिन टीचा एक डबा आणला. “फुलांचा चहा आहे, यात काही नसतं, मुलांनाही चालतो,” असे सांगून ते गेले. आजींना तो वासावरूनच आवडला. उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची फुले आणि वाळा टाकणाऱ्या पिढीला त्यात परके असे काही वाटले नाही. आमची मोठी मुलगी तेव्हा दहावीला. रात्री अकरा वाजता पुस्तक उघडे ठेवून ती म्हणाली, “हा चहा मला रोज रात्री द्या. यात काही नसेल तर द्यायला हरकत नाही, आणि काही असेल तर जागायला उपयोगच होईल!” दहावीचे तर्कशास्त्र बिनतोड असते. आम्ही म्हटले, आधी माहिती काढू, मग परवानगी देऊ.

पहिला उलगडा नावाचा झाला. जास्मिनचे भाषांतर आपण चमेली असे करतो. जाई, जुई, चमेली, मोगरा ही सारी एकाच कुळातली भावंडे. पण चीनमध्ये या चहासाठी मुख्यतः वापरतात तो मोगरा. मोगरा मूळचा आपल्याच दक्षिण आशियातला. तो फार पूर्वी चीनला पोहोचला आणि तिथल्या फूचौ शहरात त्याची चहाशी सोयरीक जमली. फूचौच्या या मोगरा-चहाच्या परंपरेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

हा चहा तयार करण्याची रीत मोठी सुंदर आहे. दुपारी टपोऱ्या कळ्या खुडतात. रात्री त्या उमलू लागल्या की चहाच्या कोरड्या पानांत मिसळून ठेवतात. चहाच्या पानाला गंध शोषून घेण्याची सवयच असते. (म्हणून तर आपण चहाचा डबा हिंगाजवळ ठेवत नाही.) सकाळी फुले चाळून काढतात आणि फुलांच्या ओलाव्याने दमट झालेली पाने वाळवतात. चांगल्या प्रतीच्या चहासाठी नवी फुले घेऊन हेच पुनःपुन्हा करतात. आपल्याकडे फुलेल तेलाची जुनी रीत अशीच आहे. तीळ आणि मोगऱ्याची फुले यांचे थर रचायचे, फुले बदलत राहायची आणि शेवटी ते वासाचे तीळ गाळायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. फूल देते ते केवळ सुगंध. कॅफिन येते ते चहाच्या पानातून, आणि सुगंध चढवल्याने ते कमी होत नाही. कोवळ्या कळीच्या पानांत तर ते जून पानांपेक्षा जास्त असते, कारण कोवळ्या भागाला किडीपासून वाचवण्यासाठी झाडाने केलेली ती तजवीज आहे. तेव्हा महागाचा, नाजूक कळ्यांचा चहा सौम्यच असेल असे नाही. रंगावरही जाऊ नये. कॅफिनला स्वतःचा रंग नसतो. फिका पिवळा चहा दिसायला गरीब दिसतो इतकेच.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित. चहाच्या कोरड्या पानांत वजनाच्या साधारण ३ टक्के कॅफिन धरू. एका कपाला २ ग्रॅम पाने, म्हणजे ६० मिलिग्रॅम. मोगऱ्याचा चहा दोन-तीन मिनिटेच गरम पाण्यात ठेवला तर त्यातले सुमारे निम्मे उतरते, म्हणजे ३० मिलिग्रॅम. आपला रोजचा दाणेदार चहा आपण खळखळून उकळतो, तेव्हा जवळजवळ सगळेच उतरते, म्हणजे ६०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ आणि तेवढ्याच फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते असे दिले आहे. आपला हिशोब त्याच्याशी जुळतो. म्हणजे मोगऱ्याचा चहा उकळलेल्या चहाच्या निम्म्यावर आला खरा, पण शून्यावर नाही.

हे कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला मोठ्या माणसात साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला कडक चहा घेतला, तर पहाटे तीनला ३० मिलिग्रॅम शिल्लक, म्हणजे मोगऱ्याच्या चहाचा एक अख्खा कप! दहाला मोगऱ्याचा चहा घेतला तर तीनला १५ आणि सकाळी आठला, शाळेची वेळ होते तेव्हा, साडेसात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. ४० किलोच्या मुलाला १२०. पण त्याच संस्थेने असेही म्हटले आहे की किलोमागे १.४ मिलिग्रॅम एवढे कॅफिन झोपेच्या वेळेजवळ घेतले, तर काही मोठ्या माणसांचीही झोप लांबते आणि कमी होते. ४० किलोला हे ५६ मिलिग्रॅम झाले, म्हणजे एक कडक चहा किंवा मोगऱ्याच्या चहाचे दोन कप.

हा हिशोब आम्ही मुलीकडूनच मांडून घेतला. उत्तर तिच्याच हस्ताक्षरात आल्याने वाद फारसा झाला नाही. घरात ठरले ते असे : मोगऱ्याचा चहा दुपारी चारला, शाळेतून आल्यावर, एक कप. रात्री नाही. डोळ्यांवर झोप आली तर दिवा मालवायचा आणि सकाळी लवकर उठायचे. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असते आणि दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते तेही झोपेतच. गुण किती पडले हे येथे सांगत नाही, कारण त्याचे श्रेय चहाला द्यायचे नाही! परीक्षेच्या दिवसांत मुलगी सकाळी स्वतःहून उठत होती, आम्हाला तेवढे पुरे होते.

आता चहाची कृती. पाणी उकळून खाली उतरवावे आणि चार-पाच मिनिटे थांबावे. खळखळते पाणी ओतले तर चहा कडवट होतो आणि वास उडतो. एका कपाला २ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा पाने घालून झाकण ठेवावे. दोन मिनिटांनी गाळावे, तिसऱ्या मिनिटापलीकडे जाऊ नये. दूध घालू नये. साखरेचीही गरज पडत नाही. तीच पाने दुसऱ्यांदा वापरता येतात आणि त्या कपात कॅफिन कमी असते. पहिले पाणी अर्ध्या मिनिटात ओतून दिले की सगळे कॅफिन जाते असे काही जण सांगतात. ते खरे नाही. तेवढ्या वेळात थोडाच भाग जातो, आणि चांगला वास मात्र बराच जातो.

परीक्षा झाल्यावर, वैशाखात गच्चीवरचा मोगरा फुलला तेव्हा आम्ही घरीच पाने वासवून पाहिली. साधा, बिनवासाचा हिरवा चहा स्टीलच्या कोरड्या डब्यात घेतला, संध्याकाळी कळ्यांचे थर दिले, सकाळी फुले काढून पाने सावलीत पंख्याखाली कोरडी केली. असे तीन रात्री केल्यावर मंद वास धरला. विकतच्या डब्याची सर आली नाही, पण आजींनी दोन कप मागून घेतले. यासाठी बाजारातला गजरा मात्र वापरू नये. त्या फुलांवर औषध फवारलेले असू शकते. घरच्या कुंडीतलीच फुले घ्यावीत.

माता-भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. चहा कोणताही असो, जेवणाबरोबर घेतला की अन्नातले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ६५ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, असे राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. गर्भवती स्त्रियांच्या शरीरात कॅफिन जास्त वेळ रेंगाळते. त्यांनी दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावे.

पालकहो, ‘फुलांचा’, ‘हिरवा’, ‘नैसर्गिक’ असे शब्द डब्यावर वाचले की आपले मन सैल पडते. मुलांच्या हाती कप देण्यापूर्वी आतले पान कोणते एवढे विचारावे. आणि रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाला मोगऱ्याचा वास हवाच असेल, तर त्याला माठातले पाणी द्यावे. दोन फुले टाकलेली असावीत. त्यात कॅफिन नाही.