मुके यंत्र

न चालणाऱ्या यंत्रांच्या दोन जाती असतात. एक मेलेले आणि दुसरे रुसलेले. मेलेल्या यंत्राची मला फारशी धास्ती वाटत नाही. बटण दाबले, दिवा लागला नाही, पंखा हलला नाही, की माणूस निमूटपणे वायरीपासून शोध सुरू करतो आणि पुष्कळदा वायरीपाशीच त्याला उत्तर सापडते. खरा छळ मांडते ते रुसलेले यंत्र! त्याचे दिवे लागतात, पंखे घरघरतात, आत जीव असल्याची खूण पटते. पण समोरचा पडदा मात्र काळाच. घरात माणूस आहे, कडी आतून लावलेली आहे आणि कितीही हाका मारल्या तरी ओ येत नाही, तशातलाच प्रकार.

बाजारातून तयार आणलेला संगणक रुसला तर भांडायला निदान दुकानदार तरी असतो. घरी जुळवलेल्या संगणकाला तीही सोय नाही. एसएमपीएस एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची. जो तो म्हणणार, आमची वस्तू चोख आहे. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा ते खरेही असते. दोष वस्तूत नसतो, दोन वस्तूंच्या सांध्यात असतो. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्या वाचकांना हे फोडून सांगायला नको.

माझी धाकटी बहीण सेनगावला दिली आहे. हिंगोलीहून रिसोडच्या रस्त्याला लागले, की नामदेवांची नर्सी लागते आणि पुढे सेनगाव. गेल्या भाऊबिजेला गेलो, तो भाच्याने मला ओसरीतच गाठले. लग्नाचे व्हिडिओ जुळवून देण्याचा धंदा त्याला गावातच करायचा होता. त्यासाठी बाहेरगावाहून एकेक भाग मागवून त्याने आपल्या हाताने संगणक उभा केला होता. पैसे दाजींनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते. देताना ते एवढेच म्हणाले होते, की पेटी चालली तर गावात राहा, नाही चालली तर पुण्याला जाऊन नोकरी बघ. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होणार होती आणि पेटी तर चालत नव्हती.

"मामा, पंखे फिरायलेत, दिवे लागायलेत, पण स्क्रीनवर कायच येईना," भाचा म्हणाला. दाजी बाजेवर बसून सुपारी कातरत होते. ते काहीच बोलले नाहीत. पोराला तेच जास्त बोचत असावे.

संगणक सुरू होण्याला इंग्रजीत 'बूट होणे' म्हणतात. बुटाला मागे शिवलेला पट्टा धरून आपणच आपल्याला वर उचलायचे, अशा एका अशक्य करामतीवरून हा शब्द आला. करामत अशक्य म्हणावी, तर ती रोज सकाळी घरोघर घडते! वीज मिळताच एसएमपीएस आधी स्वतःची नाडी पाहतो आणि सारे ठीक असल्याचा निरोप बोर्डाला धाडतो. तो पोचेपर्यंत प्रोसेसरला कामाला हात लावता येत नाही. मग प्रोसेसर बोर्डावरच्या एका लहानशा चिपमधली पहिली आज्ञा वाचतो आणि तिच्या आधाराने रॅम, चित्राचे कार्ड, डिस्क अशी एकेकाची हजेरी घेत जातो. जो 'हजर' म्हणणार नाही, त्याच्यापाशी सारे अडते. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हापासून अशा वेळी शिट्टी वाजवून दुखणे सांगण्याची रीत आहे. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या भागात बिघाड. हल्ली तो शिट्टीचा तुकडा बोर्डाबरोबर बहुधा मिळत नाही. त्याऐवजी काही बोर्डांवर चार बारीक दिवे असतात. जो लागून राहील, तिथे घोडे पेंड खाते आहे असे समजावे. भाच्याच्या बोर्डावर रॅमचा दिवा लागून राहत होता.

अशा दुखण्यावर मला एकच उपाय ठाऊक आहे, वजाबाकी. जे नसले तरी चालेल ते सारे काढून टाकायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक आपल्या हातांनी उभा केला. हे नाव त्याला नेहरूंनी १९६२ साली दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. घरी जुळवलेला संगणक म्हणावा तर तो! त्या रानातून रुसलेली एक नळी हुडकायची म्हणजे काय, हे मनात आणले, की रॅमच्या दोन पट्ट्यांचे ओझे वाटेनासे होते.

आम्ही चित्राचे कार्ड काढले आणि पडद्याची वायर बोर्डाच्या स्वतःच्या खाचेत लावली. डिस्क काढली. रॅमची एक पट्टी काढली. पट्ट्या खोडरबराने घासणे हा तर सर्व रोगांवरचा घरगुती काढा, तो भाच्याने आधीच तीनदा पाजून झाला होता. जुन्या नोंदी पुसाव्यात म्हणून बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटे काढून ठेवला. खालची एखादी पितळी खुंटी भलत्या जागी टेकत असेल, म्हणून बोर्ड कॅबिनेटमधून उचलून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक दोन पिनांना टेकवून यंत्र चालू केले. पंखा फिरला. पडदा काळाच.

"किती वेळ वाट बघतोस?" मी विचारले.

"एखादं मिनिट. मग बंद करतो. जळलं-बिळलं तर?"

इथे मला वाट दिसली. त्याची रॅम डीडीआर ५ जातीची होती. ही रॅम आणि बोर्ड पहिल्यांदा भेटतात, तेव्हा कोणता संकेत नेमक्या कोणत्या क्षणी धाडायचा आणि कोणत्या क्षणी झेलायचा, हे ते चाचपत बसतात. मैफलीआधी गवयाने तंबोरा जुळवावा तसे. त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. जुळणी पुरी झाली तरच तिची नोंद होते. मध्येच वीज तुटली, की पुन्हा पहिल्यापासून. आणि सेनगावात दिवाळीचे दिवस! बहिणीच्या घरची लाईट सकाळपासून चारदा गेली होती. जिथे लाईटीने धीर धरला होता, तिथे पोराने धरला नव्हता.

भाच्याने ओळखीच्या फोटो स्टुडिओतून एक यूपीएस उसना आणला. पुन्हा पिना टेकवल्या. दोन मिनिटे गेली, चार गेली. दाजी सुपारी चघळत दारात येऊन उभे राहिले. "जळंल ते. बंद करा," ते म्हणाले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी नुसती मान हलवली. खरे सांगायचे तर तेव्हा माझाही जीव वरखाली होत होता, कारण रॅमची पट्टीच मुळात बाद असणेही शक्य होते. सातव्या मिनिटाला पडदा उजळला आणि त्यावर बोर्ड बनवणाऱ्याचे नाव उमटले.

पोराने टाळी वाजवली नाही की ओरडला नाही. रॅमचा आकडा बरोबर दाखवतो आहे का, ते त्याने आधी पाहिले. मग यंत्र रीतसर बंद करून दुसरी पट्टी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंनी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबली आणि पुन्हा चालू केले. पडदा पुन्हा काळा. रॅम बदलली, की जुळणी नव्याने! आतून बहीण हाका मारीत होती, की पाट मांडलाय, निरांजन विझेल, ओवाळून घ्या आधी. भाच्याचा हात नकळत बटणाकडे गेला.

"राहू दे रे," दाजी म्हणाले. "हात लावू नको त्याला." आणि मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी ते पडद्यापाशी ठेवले.