उलटा फर्मा

माझ्याकडचं सलमान रश्दींचं 'मिडनाइट्स चिल्ड्रन' मध्येच शीर्षासन करतं. सोळा पानांचा एक अख्खा फर्मा बांधणाऱ्यानं उलटा बांधलाय. तिथवर आलं की पुस्तक फिरवायचं, फर्म्याच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची आणि सोळा पानं झाली की पुन्हा सरळ करून पुढं निघायचं. साकोली-नागपूर एसटीत मी हे केलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाबू, वाचता येते ना?"

१९८७ साली नागपूरला बी.ए. करत होतो. बर्डीवर फूटपाथवर तीस रुपयांत घेतलं. छपाई चोरटी. आपली पुस्तकं चोरून छापणारे लोक आपल्याला शुभेच्छापत्रं पाठवायचे, असं रश्दींनीच सांगून ठेवलंय. चोरांनाही रीतभात असते.

आणि या चोराचे माझ्यावर उपकार आहेत. इंदिरा गांधींनी या कादंबरीतल्या एका वाक्यावरून लंडनच्या कोर्टात दावा लावला होता. १९८४ मध्ये ते वाक्य गाळायचं ठरलं. माझी प्रत जुन्या आवृत्तीवरून उचललेली असल्यानं ते वाक्य तिच्यात शाबूत आहे. पुढं मुलीनं दुकानातून पावतीसकट नवी प्रत आणली, तेव्हा मी पहिल्यांदा ते पान उघडलं. वाक्य नव्हतं.

लेखकाची ओळख तेव्हा एवढीच होती: १९४७ मध्ये मुंबईत जन्म, तेराव्या-चौदाव्या वर्षी इंग्लंडच्या शाळेत रवानगी, पुढं केंब्रिज, मग जाहिरातींची वाक्यं लिहायची नोकरी. पहिली कादंबरी, १९७५ ची 'ग्रायमस', पडली. दुसरीला १९८१ चं बुकर. मला त्या बुकरपेक्षा एका सायकलचं जास्त कौतुक. कथानायक सलीम पोरवयात टेकडीवरून सायकलसकट संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घुसतो. मोर्चेवाले त्याला घेरतात, तो गुजरातीची टर उडवणारं काहीतरी बडबडतो, जमाव तेच उचलतो, दंगल पेटते. मुंबई राज्य फुटलं ते आपल्यामुळंच, असं पोराला कायमचं वाटत राहतं.

हे पान साकोलीत वाचताना वेगळंच लागतं. आमच्या बाबांनी गाव न सोडता चार राज्यं पाहिली: मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. धानाचे बांध तेच, बैल तेच, कागदावरचा शिक्का तेवढा बदलला. रश्दींच्या कादंबरीत विदर्भ नाही, पण इतिहास आपल्या डोक्यावरून कुठंतरी भलतीकडंच ठरतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक. संयुक्त महाराष्ट्राची पानंच उलटी बांधली गेली असती तर वेगळ्या विदर्भवाल्यांना किती आनंद झाला असता! पण उलटा फर्मा त्याआधीच संपतो.

ऑक्टोबर १९८८ मध्ये रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'ची भारतात आयात बंद झाली. १४ फेब्रुवारी १९८९ ला खोमेनींचा फतवा निघाला, आणि दहा दिवसांनी मुंबईत मोर्चावरच्या गोळीबारात बारा माणसं गेली. रेडिओवर नाव ऐकून बाबांनी विचारलं, "तुझ्या ट्रंकेतला तोच काय रे?" तोच, पण पुस्तक दुसरं, असं म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकावर जुन्या कॅलेंडरचं कव्हर चढलं होतं आणि त्यावर बाबांच्या मोडीवळणाच्या अक्षरात 'अर्थशास्त्र' लिहिलेलं होतं. पुस्तक धानाच्या कोठीवर गेलं. ते कव्हर मी अजून काढलेलं नाही.

तेव्हापासून रश्दी वाचायचा माणूस उरला नाही, बातमीतला झाला. जपानी अनुवादक इगाराशी यांचा १९९१ मध्ये खून, नॉर्वेच्या प्रकाशकावर १९९३ मध्ये गोळ्या. लोक पुस्तक न वाचता भांडत होते, आणि बाजू घेणारेही न वाचताच घेत होते. मीही त्यातलाच, ते पुस्तक मी आजतागायत पाहिलेलं नाही. १९९५ च्या 'द मूर्स लास्ट साय'मध्ये मुंबईच्या एका पुढाऱ्यासारखं पात्र आलं नि पुन्हा बोंब. ती कादंबरी मला आवडली नाही. लेखक हुशारी दाखवतो, आणि दाखवतोय हे दिसतं.

१२ ऑगस्ट २०२२. राखी नुकतीच झालेली. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डोळ्यावर झाकण, वाचायला बंदी. रात्री टीव्हीवर कळलं, न्यूयॉर्क राज्यात भर व्यासपीठावर रश्दींवर सुऱ्यानं वार केले. त्यांचा उजवा डोळा गेला. बशीत चहा ओतताना त्या आठवड्यात माझा अर्धा चहा लुगड्यावर, म्हणजे बायकोच्या. एका डोळ्याला अंतर कळत नाही. पुढं रश्दींनीही हेच सांगितलं: पेल्यात पाणी ओतताना धार बाहेर जाते. त्यांच्या एवढ्या पानांत मला इतकं जवळचं दुसरं काही सापडलेलं नाही.

माझं झाकण आठवड्यात निघालं.

आता मजा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्या १९८८ च्या बंदीची अधिसूचना मागितली, तर ती कुणालाच सापडेना. मग ती नाहीच असं धरून चालावं लागेल, असं कोर्ट म्हणालं. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. हरवलेल्या कागदानं माणसाची पेन्शन अडते, हे माहीत होतं. हरवलेल्या कागदानं पुस्तक सुटतं, हे पहिल्यांदाच पाहिलं. आवक-जावक नोंदवहीला मनातल्या मनात नमस्कार केला.

डिसेंबरात दिल्लीहून भाच्याचा फोन.

"मामाजी, ते पुस्तक दुकानात आलं. आणू काय?"

"कितीचं?"

"एकोणीसशे नव्व्याण्णव."

"राहू दे. बर्डीवर येऊ दे."