नंदोईंची गाडी आणि तिसरे व्रत



गेल्या वर्षी सुरतच्या नंदोईंनी त्यांची जेमतेम दीड वर्षाची पेट्रोल गाडी आम्हाला घरच्या भावात दिली. गाडी नांदगावात आली, स्वस्तिक काढले, सासूबाई तिच्यात बसून स्थानकात मांगलिक ऐकून आल्या. पाटी मात्र जी.जे.चीच होती.

"राहू दे की," हे म्हणाले. "अशा कितीतरी गाड्या फिरतात."

कारण पैशाचेच. गुजरातमध्ये गाडीवर एकरकमी कर किमतीच्या ६ टक्के. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. गाडी जुनी असेल तर वयाप्रमाणे कमी होतो, तरी आकडा दुखतोच. दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून ठेवलेले पैसे त्यात जाणार होते. मलाही वाटले, जाऊ दे.

त्याच संध्याकाळी प्रतिक्रमणात अचौर्य व्रताचे अतिचार आले. राज्याच्या नियमाविरुद्ध वागणे हा त्यातला एक. त्याच यादीत खोटे माप-तोलही आहे. इतकी वर्षे म्हणत आले, पण त्या दिवशी 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणताना जीभ अडखळली.

रात्री यांना एवढेच विचारले, "दुकानात तुम्ही काटा कधी मारत नाही. मग हा काटा नाही का?" हे काही बोलले नाहीत. सकाळी स्वतःच नंदोईंना फोन लावला.

कामाचा क्रम सांगते, कोणाला उपयोग होईल. आधी मूळ आरटीओतून ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. त्याआधी तिथले सगळे चलान भरायचे, आणि कर्ज असेल तर बँकेचा दाखला व फॉर्म ३५. मग इकडे नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप, गाडीची तपासणी, कर. विम्यावरचे नावही लगेच बदला, नाहीतर अपघातात भरपाई अडते. कायद्यात दुसऱ्या राज्याच्या नंबरला १२ महिन्यांची मुदत आहे खरी, पण ती तात्पुरत्या मुक्कामासाठी. आमची गाडी तर कायमची सासरी आली होती!

एका एजंटाने विक्रीची किंमत कमी दाखवायचा सल्ला दिला. यांनीच नको म्हटले. मला तेव्हा फार बरे वाटले.

खेटे झाले, दुकान दोनदा बंद ठेवावे लागले. शेवटी एम.एच. ४१ ची पाटी लागली. दिवाळी जुन्याच रंगाच्या भिंतींत झाली. जावेने विचारले तेव्हा हेच हसून म्हणाले, "रंग पाटीला दिला."

आता तिसऱ्या व्रताशी आले की जीभ अडखळत नाही. एवढी कमाई मला पुरे.