पडलेल्या बाजूचं मत

१९८० च्या जानेवारीत लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा तळकोकणातल्या आमच्या वाडीत आनंद आणि निराशा एकाच वेळी आली. राजापूर मतदारसंघातून मधू दंडवते पुन्हा निवडून आले होते, म्हणून कोणीतरी साखर वाटली. देशात मात्र आमचा जनता पक्ष ३१ जागांवर आला होता. इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या होत्या आणि महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३९ त्यांच्याच होत्या. माझे सासरे, आबा, आकाशवाणीच्या बातम्या संपल्यावर ट्रान्झिस्टर बंद करून म्हणाले, "आपलो माणूस इलो, पण राज गेला."

ते राज्य माझ्या पहिल्या मताने आलेलं होतं. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं आणि १९७७ साली मी नुकतीच यादीत आले होते. माझं माहेर राष्ट्र सेवा दलाचं. वडील शिक्षक, घरी 'साधना' साप्ताहिक यायचं. आणीबाणीत त्यांच्या ओळखीची कितीतरी माणसं आत गेली. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. संध्याकाळी अंगणात कुणी अनोळखी माणूस येऊन बसला की वडील बोलता बोलता थांबायचे. ज्या माणसाने आम्हांला मोकळेपणाने बोलायला शिकवलं, तो स्वतःच्या अंगणात गप्प बसतो हे मी पाहिलं होतं. म्हणून त्या वर्षी शिक्का मारताना मला दुसरं काहीच मागायचं नव्हतं. कोणत्याही सरकारला माणसाला विनाचौकशी डांबता येऊ नये, एवढंच.

जनता पक्षाला तेव्हा २९५ जागा मिळाल्या. दोन-सव्वादोन वर्षांत सगळं विस्कटलं. जुलै १९७९ मध्ये मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले चरणसिंग लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. ऑक्टोबरात जयप्रकाशजी गेले. कांदा महागला होता आणि रॉकेलच्या रांगेत बायका आमच्याच पुढाऱ्यांना बोल लावत होत्या. त्यांचं चुकत नव्हतं. भांडणाऱ्या पुढाऱ्यांना लोकांनी घरी पाठवलं, तो त्यांचा हक्कच होता.

पण मी ज्यासाठी मत दिलं होतं ते काम बऱ्याच अंशी झालेलं होतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर आणीबाणी लादण्याची वाट बंद केली. जीविताचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण आणीबाणीतसुद्धा स्थगित करता येणार नाही, असं घटनेत लिहिलं गेलं. सरकार पडलं तरी ती दुरुस्ती राहिली, आजही आहे. निवडणूक हरलेल्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं. मला माझ्या वडिलांनी सांगितलं.

फेब्रुवारीत राज्यातलं शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार बरखास्त झालं आणि मे महिन्याच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक आली. त्याआधीच एप्रिलमध्ये जनता पक्ष आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ अशा दुहेरी सदस्यत्वाच्या वादात जनता पक्ष पुन्हा फुटला आणि भारतीय जनता पक्ष वेगळा उभा राहिला. जानेवारीत ज्या माणसांनी एकाच चिन्हासाठी भिंती रंगवल्या होत्या, त्यांतली काही आता एकमेकांशी बोलत नव्हती. आपली बाजू कोणती, हे चिन्ह बघून कळण्याचे दिवस संपले होते.

मी घरी शिवणकाम करायचे. मे महिना लग्नसराईचा, त्यात मुंबईहून चाकरमानी आलेले, त्यामुळे पडवीतल्या माझ्या मशीनजवळ दिवसभर वर्दळ असायची. ब्लाउजाचं माप देता देता बायका मताचं बोलायच्या आणि सगळ्यांचं बोलणं एकाच ठिकाणी येऊन थांबायचं, ते म्हणजे आमच्या वहाळावरचा साकव. पावसाळ्यात वहाळ भरला की वाडीचा रस्ता तुटायचा. पोरं शाळेत जायची नाहीत, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर चार माणसांनी पाण्यातून उचलून न्यायचं. सुपारीची झाडं आडवी टाकून केलेला साकव दरवर्षी वाहून जायचा. पक्का बांधून मिळावा म्हणून अर्ज करून करून वाडी दमली होती.

आबांचं म्हणणं सरळ होतं. "दिल्लीत तेंचा राज, मुंबैत तेंचाच येतला. खासदार आमचो विरोधात बसलो. आता आमदार पण विरोधात बसयलो तर साकव कोण बांधतलो?" ते काही लाचारीने बोलत नव्हते. समाजवादी खासदार बॅरिस्टर नाथ पैंची भाषणं ऐकायला ते मैलोन्‌मैल चालत गेलेले होते. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखे ते जेवले नव्हते म्हणे. असा माणूस 'आता वरच्या बाजूने जाऊ या' म्हणत होता, तेव्हा त्यामागे वाडीने काढलेले किती पावसाळे होते, हे मला कळत होतं. शेजारच्या काकूंनी तर मला समजावलंच, "गो बाय, तुझा मत फुकट जातला."

मुंबईला लालबागला गिरणीत असलेल्या माझ्या यजमानांना मी आंतरदेशीय पत्र लिहिलं. उत्तर आलं की तिथेही हीच चर्चा आहे, तू तुला पटेल ते कर.

पटेल ते म्हणजे काय, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. मशीन चालवता चालवता मी उमेदवारांचा विचार करायचे. आमच्या बाजूने उभे होते ते एक निवृत्त शिक्षक. जीप नव्हती, पैसा नव्हता, निवडून येण्याची आशा तर त्यांच्या कार्यकर्त्यांनाही नव्हती. पण आणीबाणीत अटक होणार हे ठाऊक असून त्यांनी बाजारात उभं राहून पत्रकं वाटली होती. आमच्या गावात आले तेव्हा पहिली बैठक त्यांनी बौद्धवाडीत घेतली. तिथल्या विहिरीचं पाणी प्यायले आणि मग देवळाकडे आले. कोणी विचारलं, "गुरुजी, साकव करशात?" तर म्हणाले, "विधानसभेत मागणी करीन, पाठपुरावा करीन. नक्की होईल असा शब्द देता येणार नाही." त्यांच्या या उत्तरावर काही माणसं उठून गेली. मी मात्र त्याच उत्तरावर ठरवलं. मत मागताना जो खोटं बोलत नाही, त्याच्या हातात माझं म्हणणं सुरक्षित राहील असं मला वाटलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी आबांना सांगितलं. लपवून शिक्का मारता आला असता, मतदान गुप्तच असतं. पण आमच्याकडे तोवर 'घराचं मत' असायचं. आबा ठरवायचे आणि सगळे तसं करायचे. ती पद्धत मोडायची तर तोंडावर सांगून मोडावी, असं मला वाटलं. मी म्हटलं, "आबानू, साकव आमच्या कराच्या पैशातसून होतलो. जो कोण निवडून येतलो, तेणा तो बांधूकच व्हयो. तेच्यासाठी माझा मत कित्याक देऊ?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की पुस्तकात तसं असेल, पण कचेरीत तसं चालत नाही. मी म्हटलं, "चालत नाही हे मला ठाऊक आहे. ते तसं चालत नाही, कारण सत्तेबाहेरच्या माणसाला मत द्यायची लोकांना भीती वाटते. आपण घाबरून मत दिलं की पुढच्या वेळी ते आणखी भीती घालणार." त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण ते एवढं म्हणाले, "तू तुझा कर, मी माझा करतंय." तेव्हा आत भांडी आवरणाऱ्या माझ्या सासूबाई पहिल्यांदाच या विषयावर बोलल्या. "माझा मत मी बघान घेतंय. तुमी दोघाय गप ऱ्हवा." त्यांनी कोणाला मत दिलं, ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी आम्ही तिघं एकाच वाटेने शाळेत गेलो. बोटाला शाई, हातात मतपत्रिका. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्यावर मनात कसलीही घालमेल नव्हती. १९७७ साली शिक्का मारताना आपण जिंकणार का, याची धाकधूक होती. या वेळी तो प्रश्नच उरलेला नव्हता. कोण येणार ते दिसतच होतं. त्यामुळे कोण यावं, एवढाच विचार माझ्यासमोर होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून मतपत्रिका नीट घडी घालून पेटीत टाकली.

गुरुजी पडले. २८८ पैकी १८६ जागा इंदिरा काँग्रेसला मिळाल्या, जनता पक्षाला १७. गुरुजींची अनामत रक्कम मात्र वाचली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. ती वाचली याचा अर्थ, मत देणाऱ्यांत गुरुजींसारखा माणूस हवा असलेले निदान सहात एक लोक आहेत, ही गोष्ट सरकारदरबारी नोंदली गेली. निवडून आलेल्या माणसालाही तो आकडा वाचावा लागतो. माझं मत त्या आकड्यात होतं. फुकट गेलेलं मत यालाच म्हणायचं असेल, तर मी ते मान्य करणार नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत मी साकवाचा अर्ज पुन्हा लिहून काढला, वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि नव्या आमदारांकडे गेले. आबा बरोबर आले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझं मत तुम्हांला नव्हतं, पण आता तुम्ही आमचे आमदार आहात. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, अर्ज वाचला आणि ठेवून घेतला. साकव लगेच झाला नाही. काही वर्षं पाठपुरावा करावा लागला, पण झाला, आणि त्यांच्याच पक्षाच्या राजवटीत झाला. त्याच राजवटीत १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठी रत्नागिरी गाठणं संपलं. या दोन्ही गोष्टींचं श्रेय मी त्यांना मनापासून देते. ज्याला आपण मत दिलं नाही त्याच्या चांगल्या कामाला चांगलं म्हणता आलं नाही, तर आपला विचार आणि हट्ट यांत फरक राहत नाही.

विरोधात बसलेली माणसं काय करतात, हेही मी त्याच वर्षांत पाहिलं. प्रमिलाताई दंडवते १९८० च्या त्या पडझडीतही मुंबईतून लोकसभेवर गेल्या होत्या. हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून त्यांनी विरोधी बाकावरून खासगी विधेयक मांडलं. दिल्लीत सुना जाळल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. पुढे १९८४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. ती सरकारने केली, पण विषय सभागृहात लावून धरणाऱ्यांत हरलेल्या बाजूची माणसं होती. त्यांना तिथे पाठवणाऱ्यांनी 'आता आपलं राज्य नाही' म्हणून मत दिलं नसतं, तर ते विधेयक मांडायला त्या तिथे नसत्या.

१९८४ च्या डिसेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट आली. ४०० हून अधिक जागा त्यांना, जनता पक्षाला देशात दहा. त्या दहांत आमचं राजापूर होतं. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा एकीकडे गेल्या, तेव्हा गिरण्यांचा संप मोडून पडलेला असतानाही लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना अपक्ष निवडून दिलं. माझ्या यजमानांचं मत त्यात होतं. १९९१ मध्ये दंडवते राजापुरात पडले. मी त्या वेळीही त्यांनाच मत दिलं होतं आणि निकालानंतर निवडून आलेल्या खासदारांच्या नावाने वाडीचं पुढचं निवेदन लिहायला घेतलं.

आता माझी नात पहिल्यांदा मतदार झाली आहे. "आपल्या विचाराचं सरकार येणारच नसेल तर जायचं कशाला, आजी?" असं तिने विचारलं. तिचे विचार आणि माझे विचार सगळेच जुळत नाहीत, आणि तिने कोणाला मत द्यावं हे मी सांगत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की यादीत नाव आहे का ते आधी बघ. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाच, त्यांच्या सभेला जाऊन त्यांना प्रश्न विचार. कोण जिंकणार याचा अंदाज बांधायला बाकीचे लोक आहेत, तू कोण जिंकावा ते ठरव आणि शांतपणे मत दे. मग निकाल काहीही लागला तरी जो निवडून येईल त्याच्याकडे आपल्या गावाचं काम घेऊन जा. त्याला मत दिलेलं नसलं तरी जा, ते काम मागायचा तुला पूर्ण अधिकार आहे.